समुद्र निवळला त्या संध्याकाळी

हिरव्या सफरचंदाचा वास आला की मला ती बोट आठवते. आमचा एकुलता एक मुलगा अपघातात गेला, त्यानंतरच्या वर्षी मेहुण्याने आम्हा नवरा-बायकोला बळेच क्रूझवर पाठवलं होतं. मुलुंडच्या घरात ती एका खोलीत असायची, मी दुसऱ्या खोलीत, आणि बोलणं एकमेकांना धीर देण्यापुरतंच उरलं होतं. बोट निघाली आणि दुसऱ्याच दिवशी समुद्र खवळला. डेक बंद झाले, जिन्याच्या कठड्यांना उलटीसाठी कागदी पिशव्या अडकवल्या गेल्या आणि पोट सावरावं म्हणून केबिनमध्ये हिरवी सफरचंदं यायला लागली. त्या इवल्याशा केबिनमध्ये एकमेकांपासून लपायला जागाच नव्हती. मी भिंती धरत चहा आणायचो, निम्मा वाटेत सांडायचा. उरलेला ती प्यायची, ओकायची, मी तिचे केस मागे धरायचो. कपाटातले रिकामे हँगर दिवसभर खडखडत असायचे. एका दुपारी बोट इतकी कलली की आमच्या बॅगा घसरत दारावर जाऊन आदळल्या. ती छताकडे बघत म्हणाली, "बुडू दे ना रे. सुटू आपण." धीराचं काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, पण निघालं ते असं, "मीपण सकाळपासून मनात तेच म्हणतोय गं." तिने माझा हात घट्ट धरला आणि मुलगा गेल्यापासून प्रथमच माझ्यासमोर ढसाढसा रडली. संध्याकाळी समुद्र निवळला. बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी गाणी लावली. डोळे पुसत ती म्हणाली, "म्हणजे आता घरी जावंच लागणार." गेलो. हल्ली आम्ही एकाच खोलीत बसतो. एकमेकांना धीर द्यायचं मात्र दोघांनीही सोडून दिलंय.