ऊन मोजणारे साहेब

माझी नोकरी राखली ती ऊन मोजणाऱ्या साहेबांनी. नाव विचारायचं राहूनच गेलं.

चौथीवर शाळा सोडलेला मी, गावापासून लांब, तेरला सोसायटीच्या विहिरीवर राखणीला होतो. तिथं उन्हावर चालणारा पंप बसायचा होता. पाणी किती निघेल, ते सोसायटीनं पंपाच्या कंपनीऐवजी या साहेबांना विचारलं. त्यांनी ऊन मोजायला काचेचा गोळा मांडला. ऊन पडलं की त्याखालची कागदी पट्टी जळायची; ती रोज बदलायचं काम माझ्याकडं.

एकदा दिवसभर आभाळ आलं, पट्टी कोरीच. मी कामच केलं नाही असं वाटून नोकरी जाईल, या भीतीनं मी ती बिडीनं जाळली.

साहेबांनी पट्टी हुंगली. "ऊन कधीपासून बिडी ओढाय लागलं हो?"

मी पायाच पडलो.

"उठा. ढग लपवला तर पाणी कागदावरच राहतंय. कोरी पट्टी लई कामाची."

सोसायटीच्या चेअरमनना त्यांनी यातलं काही कळू दिलं नाही.

पुन्हा भेटले तर एकदा तरी त्यांना गावी नेऊन आईच्या हातचं जेवू घालीन.