खाडीला हळदकुंकू

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला पहिल्यांदाच दुबईला आणलं. पर्यटकांनी भरलेल्या लाकडी होडीतून आम्ही खाडी ओलांडत होतो. तिनं पर्समधून हळदकुंकवाची पुडी काढली आणि मी तिचा हात धरला.

"अगं, ठेव आत! पाण्यात काही टाकलं तर इथं दंड करतात. आणि ही लाल पूड कसली, ते कुणाला कसं समजावू?"

"अहो, किती घाबरता! जिनं आपल्याला पोसलं, तिला चिमूटभर कुंकूही नको?"

मी आठवीतच शाळा सोडलेला. कधीतरी परत पाठवतील, या धास्तीनं कामावर जाताना रोज हे पाणी ओलांडतो. या शहरानं गावाकडं घर उभं केलं, बहिणीचं लग्न लावलं. तरी मी इथं अंग चोरूनच बसतो. उपकाराखाली वाकलेल्या माणसाला नातं जोडायचा धीर होत नसावा. हिला येऊन चार दिवस झाले, आणि खाडी हिची झालीसुद्धा.

"बरं, पाण्यात नाही टाकत," म्हणत तिनं होडीच्या फळीलाच कुंकवाचं बोट लावलं आणि हात जोडले.

नावाडी वळून बघू लागला. मी घाईघाईनं रुमाल काढला, फळीपर्यंत नेला. पण कुंकू पुसायला हात धजेना.