चौकीने न लिहिलेली तक्रार

मुरुडहून एस.टी. सुटली तेव्हा आई मासळीची पाटी डोक्यावर घेऊनच उभी होती. बाजाराची वेळ टळत होती, तरी ती हलली नाही. "मुंबैत कुनी इचारलं, तं आईची लेक हाय म्हनून सांग," एवढंच म्हणाली.

कोळीवाड्यातून पोटापाण्यासाठी मुंबईला आलेल्या इतरांसारखी मी आले नाही. मला गाव सोडावं लागलं. मी मुलगा म्हणून जन्मले. विशी उलटल्यावर एक दिवस लुगडं नेसले आणि आईशेजारी मासळी विकायला बसले. आमच्यात पुरुष समुद्रावर जातो, बाजार बायकांचा. बाबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. बायकांनी मात्र थोडे दिवस थट्टा केली आणि मग सरकून जागा दिली.

पुढे एका संध्याकाळी वखारीतल्या मुकादमाने मला सुरूच्या बनात ओढून नेलं. याहून जास्त मी लिहिणार नाही. आई मला तशीच चौकीवर घेऊन गेली. हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याने समजावलं की अब्रूचं कलम बाईसाठी आहे, आणि कायद्याने मी बाई नाही. प्रकरण वाढवलं तर अनैसर्गिक कृत्याच्या कलमात मीच अडकेन. आई म्हणाली, "सायेब, रगात माज्या पोरीचं सांडलंय. बाई का बाप्या, ते मागनं ठरवा." त्याने काही लिहून घेतलं नाही.

मुकादम मोकळा हिंडत राहिला, आमच्या दारावरून जाताना हसायचा. म्हणून आईने मला पाठवलं.

आता परळच्या खानावळीत चपात्या लाटते. खोलीत लाइट आहे, शेजारणी ताई म्हणतात. मालकाला माझ्या चपात्यांशी मतलब, बाकी चौकशा तो करत नाही. बर्फातलं पापलेट मात्र अजून माझ्याच्याने घेववत नाही.

गेल्या वर्षी आई गेली. तिचे दिवस झाल्यावर मुरुडच्या बाजारात गेले, तर तिची जागा धुऊन मोकळी ठेवलेली. मी बसले. थोड्या वेळाने मुकादम पिशवी घेऊन आला, तशी एकेका बाईने आपल्या पाटीवर गोणपाट ओढलं. तो रिकाम्या पिशवीनेच पुढे गेला. शेजारची काशीमावशी म्हणाली, "तू गेलीस तवापास्नं त्याला कुनी बोंबील बी इकला न्हाय. तुज्या आयनंच सांगितलेलं."

आईने मला हे कधी कळू दिलं नव्हतं. मी तिथेच पदर तोंडाला लावून रडले. माझं घर म्हणजे ती बसायची जागा, दुसरं काही नाही. तरीही मुंबईला परत निघताना मी मुद्दाम चौकीवरून चालत गेले. बाजाराने माझा निवाडा कधीच केलाय. चौकीत माझी तक्रार अजून लिहायची राहिली आहे.