ताईच्या सासऱ्यांचा लांब पल्ल्याचा रेडिओ

रेडिओ ऐकणारी माणसं जगात पुष्कळ होऊन गेली, पण बैलाची पारख करावी तशी रेडिओची पारख करून तो घरी आणणारा माणूस एकच झाला आणि तो माझ्या ताईचा सासरा होता, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. उभा जन्म त्यांनी घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करण्यात घालवला. बैल लांबून चालत येताना दिसला की तो कोणत्या पायावर जोर कमी देतो आणि मालक त्याच्याविषयी काय लपवतो आहे, हे त्यांना कळे. या विद्येपलीकडे जगात दुसरी विद्या नाही, आणि असलीच तर तिच्यावाचून कुणाचं अडत नाही, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. सुनेचा भाऊ म्हणून ते मला मानाने 'पाव्हणं' म्हणत. पण नगरच्या शाळेत भूगोल शिकवून पोट भरणाऱ्या या पाव्हण्याला बैलातलं काही कळत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात दाजींची, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलाची, पलटण सीमेवर हलली आणि म्हाताऱ्याने रेडिओ घ्यायचं ठरवलं. पोरगं ज्या मुलखात आहे तिकडची हालहवाल आपल्या ओसरीवर कळली पाहिजे, एवढी एकच अट होती. खरेदीला मला नेलं ते मला वाचता येतं म्हणून, मत विचारायला नव्हे. नगरच्या दुकानदाराने आधी लाकडी पेटीचा मोठा रेडिओ पुढे केला. हे जनावर दावणीलाच बांधून ठेवावं लागेल, असं सांगून त्यांनी तो नाकारला. मग हातात धरून नेता येणारे चार रेडिओ मांडले गेले. त्यांनी प्रत्येकाच्या बरगड्या दाबून पाहिल्या, कानाशी धरून हलवला, सेलांचं झाकण काढून आत नाक घातलं. दुकानदाराने पुणे केंद्र लावलं तेव्हा त्यांनी हात हलवून ते थांबवलं. शेजारच्या गोठ्यात कुठलाही बैल हंबरतो, त्यात काय कौतुक, लांबचं लावा, असं त्यांचं म्हणणं. दुकानदार म्हणाला, शॉर्टवेव्हवर लांबची स्टेशनं खरी लागतात ती दिवस कलल्यावर. झालं, आम्ही भर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत त्या दुकानात ठिय्या देऊन बसलो. मग एकेक रेडिओ एरियल उंच करून रस्त्यावर आणला गेला आणि आवाज लंगडतो का हे बघायला सासरे तो घेऊन कोपऱ्यापर्यंत चालून आले. तीन रेडिओ गोड बोलत होते, पण चालताना लांबचं स्टेशन सोडत होते. चौथ्यावर धूळ होती, खरखर होती, पण एकदा धरलेलं तो सोडत नव्हता. मी दबक्या आवाजात चकचकीत रेडिओची शिफारस केली. ते म्हणाले, "पाव्हणं, बाजारात चकचकीत बैलाला तेल लावल्यालं आसतं." धुळीचा रेडिओ घेतला. त्याचं लायसन पोस्टातून काढावं लागतं हे ऐकून तर ते फारच खूश झाले. ज्या मालाची पावती सरकार ठेवतं तो माल खात्रीचा, असा त्यांचा हिशेब.

त्यांचं घर शनिशिंगणापूरचं, तेव्हा त्याला दार नव्हतं हे सांगायला नको. अडचण उभी राहिली ती रेडिओच्या कातडी कव्हरामुळे. कव्हराला पुढून झाकण होतं आणि झाकणाला चाप. ज्या गावात माणसाच्या घराला कडी नाही, तिथे रेडिओला कसली, असं म्हणून त्यांनी कात्रीने झाकण कापून टाकलं. त्यामुळे येणाराजाणारा आत शिरून काटा फिरवू लागला. आणि कुणाला अडवायचं नाही हाही गावाचाच रिवाज. त्यांनी त्यावर तोड काढली. आपल्या स्टेशनाच्या जागी काचेवर त्यांनी गंधाचा टिळा लावला. टिळ्याच्या जागेला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. उतरलेले सेल ते रोज सकाळी उन्हात, तोंडं पूर्वेला करून ठेवीत. एरियलला जोडलेली तार लिंबाच्या शेंड्यापर्यंत गेली होती.

पण रेडिओ ऐकावा तो त्यांनीच. शॉर्टवेव्हचा आवाज मोठा होतो, विरत जातो, पुन्हा येतो. आपण अधीर माणसं, आवाज बुडाला की लगेच गुंडी पिळतो आणि होतं नव्हतं ते घालवून बसतो. सासरे हात मांडीवर ठेवून थांबत. रेडिओ दम खातोय, दमल्या जनावराला हाणू नये, असं सांगत. आणि थोड्या वेळाने आवाज खरोखर परत येई. वर्गात वातावरणातल्या रेडिओलहरींविषयी मी इतकी वर्षं बोललो, पण एवढी साधी गोष्ट मला त्यांच्याकडून कळली.

डिसेंबरात लढाई झाली. ती संपल्यावर तार आली की दाजी बेपत्ता आहेत. मी नगरहून धावत गेलो. ताई भिंतीला टेकून बसली होती आणि सासरे सेल उन्हात मांडत होते. "बेपत्ता म्हंजी हरवलं," ते मला म्हणाले. "हरवल्यालं जनावर मी बाजारात लई वेळा हुडकून दिलंय." त्यांच्या आवाजात एवढी खात्री होती की मलाही धीर आला.

पुढे कळलं, की सरहद्दीपलीकडचा रेडिओ रोज दिवेलागणीला कैद झालेल्या जवानांची नावं वाचतो. सासऱ्यांनी काटा हलवून टिळा नव्या जागी लावला. व्यापाऱ्यांशी बोलून बोलून हिंदी-उर्दू त्यांना पुरेशी कळत होती. ते कान देत आणि ताई वहीत लिही. नाव, बापाचं नाव, गाव. दाजींचं नाव येत नव्हतं, पण आपल्या मुलखातल्या इतर पोरांची नावं येत. पहिल्या दिवशी असं एक नाव आलं तेव्हा सासऱ्यांनी ताईला लगेच पोस्टकार्ड लिहायला बसवलं. आपल्याला जे ऐकायचंय ते दुसऱ्याचं ऐकू आलं तर गप्प कसं बसायचं, असा त्यांचा सवाल होता. मग रोज कार्डं जाऊ लागली. गाव जवळचं असलं तर ते स्वतः सायकलवर जात. आपल्या घरात सुतक असल्यागत शांतता, आणि हा माणूस गावोगाव आनंद वाटत फिरतोय. मला त्याचा अभिमानही वाटे आणि रागही येई.

एके दिवशी सोनईच्या पलीकडल्या एका वस्तीवरच्या पोराचं नाव आलं. सासरे दुसऱ्या दिवशी सांगायला गेले, तर त्याच्या आईचा विश्वास बसेना. नावं पुन्हा वाचतात, तिने आपल्या कानांनी ऐकावं, म्हणून त्यांनी रेडिओच तिच्या घरी ठेवला आणि रिकाम्या हाती परतले. त्या संध्याकाळी तिने मुलाचं नाव ऐकलं, आणि परक्याचे सेल उगीच जळू नयेत म्हणून रेडिओ लगेच बंद केला, तो तिसऱ्या दिवशी परत पाठवीपर्यंत पुन्हा लावला नाही.

पाचव्या दिवशी सासऱ्यांच्या नावाने कार्ड आलं. खानदेशातल्या कुणा अनोळखी गृहस्थाचं, थरथरत्या अक्षरातलं. तुमच्या चिरंजीवांचं नाव अमुक संध्याकाळी मी रेडिओवर ऐकलं, ते सुखरूप आहेत. संध्याकाळ तीच होती, आमचा रेडिओ त्या वस्तीवर होता ती. सासऱ्यांनी ते कार्ड तीनदा वाचून घेतलं. मग विचारलं, "त्याचा रेडिओ कंचा हाय, त्ये न्हाई लिवलं?" आणि हे विचारता विचारता ते ओसरीवर खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. मीही रडलो, ते लपवण्यात अर्थ नाही. जरा वेळाने डोळे पुसून त्यांनी मला बजावलं, "त्या माउलीला ह्यातलं कायबी सांगू नका, पाव्हणं. तिनं आपलं सेल वाचिवलं."

दाजी पुढच्या वर्षी परतले. वाळून काडी झाले होते, पण सासऱ्यांनी त्यांना अंगणातून चालवून पाहिलं आणि पाय धड आहेत असा निर्वाळा दिला. घरात हसणं परत आलं. नावं वाचणं तर केव्हाच थांबलं होतं. तरी दिवेलागण झाली की म्हातारा रेडिओ घेऊन बसे, काटा टिळ्यावर आणी आणि नुसती खरखर ऐकत राही. दाजी पुढ्यात जेवत असताना हे काय ऐकता, असं मी एकदा चेष्टेने विचारलं.

"कुनाचं तरी ऱ्हायलं आसंल," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसलो. आवाज बुडाला तेव्हा माझा हात सवयीने गुंडीकडे गेला होता, तो मी मागे घेतला.