डुलकीबाईंचा ऑफ तास

डुलकीबाई हे नाव मी चिडवायला ठेवलं. ते मुलांनी उचललं, मग शिक्षकांनी, आणि आता त्या स्वतःच फोनवर "हां, डुलकीबाई बोलतेय" म्हणतात. माझी मेहनत पार वाया गेली.

त्या चित्रकला शिकवतात, मी गणित. ऑफ तास लागला की त्या चित्रकलेच्या खोलीत जातात, चष्मा ब्रशांच्या डब्यात ठेवतात, चपला काढतात आणि लांब टेबलावर हातांची उशी करून सरळ झोपतात. नखांत निळा रंग, गालावर कालचा पिवळा. घंटा झाली की उठतात, तोंडावर पाणी मारतात आणि आत्ताच शाळा भरल्यासारख्या पुढच्या वर्गावर जातात. मला हे बघवत नाही. सरळच सांगते, माझा जळफळाट होतो.

कारण आमच्याकडे ऑफ तास फक्त वेळापत्रकात असतो. कोणी रजेवर गेलं की त्याचा वर्ग रिकाम्या माणसाच्या गळ्यात पडतो. त्याला आम्ही प्रॉक्सी म्हणतो. बहुतेक वेळा गळा माझाच असतो, कारण माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही. डुलकीबाईंनी मात्र मोठ्या बाईंना तोंडावर सांगितलं होतं, "हा एक तास मी झोपते, म्हणून बाकीच्या तासांना मुलांवर खेकसत नाही. यातलं काय हवंय, ते तुम्हीच ठरवा." आणि मोठ्या बाई चक्क हसल्या! मी असं बोलले असते तर मला फाडून खाल्लं असतं. मुलांचंही तेच. डुलकीबाई दिसल्या की गराडा घालतात, मी दिसले की भिंतीला चिकटतात.

इथवर मी सहन केलं. पण परवा पुन्हा सातवीची प्रॉक्सी माझ्या माथी आली तेव्हा ठरवलं, आज हिला उठवायचं आणि सातवी हिच्या गळ्यात घालायची. तरातरा गेले, दार ढकललं. टेबलावर दोन डोकी होती. दुसरं माझ्या मुलीचं.

माझी लेक याच शाळेत नववीत आहे. तिच्या वर्गाचा खेळाचा तास चालू होता. परीक्षा जवळ आल्यापासून घरी तिला झोप नाही, रात्रभर कूस बदलत असते. मी समजावलं, रागावले, फोन काढून घेतला, काही उपयोग झाला नाही. आणि इथे पोरगी तोंड उघडं टाकून ढाराढूर झोपली होती. दुसऱ्या बाईच्या शेजारी!

"हळू," डुलकीबाईंनी एक डोळा उघडून मला दटावलं. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याच मुलीसाठी मला 'हळू'! पण भांडले मीही कुजबुजतच. "तिला काही होत असेल तर ती मला सांगेल ना. आई आहे मी तिची."

"आधी तुम्हालाच सांगायला आली होती. तुम्ही घरी पेपर तपासत होतात. भीती वाटते म्हणाली, तर तुम्ही वर न बघताच म्हणालात, 'बस खाली. पुढचा कोण?'"

पुढचा कोण? घरात आम्ही दोघीच तर असतो.

तेवढ्यात शिपाईमामा दारात आले. "बाई, चला लवकर. सातवीची पोरं बाकांवर चढलीत."

"मोठ्या बाईंना सांगा, माझा ऑफ आहे," मी म्हटलं. मामांनी मला वेड लागल्यासारखं माझ्याकडे बघितलं आणि ते गेले.

मी लेकीच्या दुसऱ्या बाजूला स्टूल घेतलं आणि टेबलावर डोकं टेकवलं. झोप कुठली यायला! पलीकडे डुलकीबाईंचं बारीक घोरणं पुन्हा सुरू झालं होतं, आणि मला त्या घोरण्याचाही हेवा वाटत होता. थोड्या वेळानं लेकीनं डोळे उघडले. समोर मी दिसले तशी ती ताडकन उभी राहिली. हात सरळ, मान खाली.

"सॉरी, मॅडम."

शाळेत आई म्हणायचं नाही, हा नियम माझाच.

घोरणं थांबलं. डुलकीबाईंनी डोळे न उघडताच तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"झोप गं," त्या म्हणाल्या. "आई आहे ती."