हौदभर बोर्डो

त्या उन्हाळ्यात माझ्या अंगठ्याला आणि तर्जनीला कायम एक फिकट डाग असे. पाणी तपासण्याच्या पेटीतल्या लाल थेंबांचा. साबण लावला की तो निघून जाण्याऐवजी गडद गुलाबी होई, आणि भाकरी थापताना पिठावर त्याची सावली उमटेल की काय, अशी उगाच धास्ती वाटे.

पिंपरी पेंढारच्या आमच्या मळ्यात पोहण्याचा तलाव कुणी हौसेने बांधला नव्हता. मार्चमध्ये, द्राक्षांची तोडणी संपत आली असताना, नवरा मांडवाची तार ओढायला शिडीवर चढला आणि पडला. खुब्याचे हाड मोडले. पुण्यात ऑपरेशन झाले, टाके निघाले, जखमही भरून आली. पण पाय जमिनीवर टेकवायची वेळ आली की त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होई. डॉक्टर म्हणाले, "छातीभर पाण्यात रोज चालायचं. पाण्यात अंगाचं वजन पायावर येत नाही. हे दोन महिने वाया गेले, तर सांधा धरून बसेल. मात्र पाणी स्वच्छ पाहिजे. विहीर, कालवा अजिबात नाही."

नवऱ्याने एकच प्रश्न विचारला. "ऑक्टोबर छाटणीला बागेत उभा राहीन का?"

"चाललात तर राहाल," डॉक्टर म्हणाले.

एप्रिलची छाटणी त्याने खाटेवरून ऐकली. खिडकीपलीकडे कात्र्यांचा कुरकुर आवाज दिवसभर चाले, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या बागेची काडी दुसऱ्याच्या हाताने पडत होती.

पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या दिराने मग ठिबक सिंचनासाठी बांधलेल्या सिमेंटच्या हौदाला पांढऱ्या फरश्या लावून घेतल्या, चार पायऱ्या बांधल्या, धरायला लोखंडी पाइप बसवला आणि पाणी गाळून फिरवणारा एक छोटा पंप जोडून दिला. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, चार फूट पाणी. जाताना त्याने माझ्या हातात एक प्लॅस्टिकची पेटी ठेवली. आत दोन नळ्या, दोन बाटल्या. "वहिनी, पिवळे थेंब क्लोरीनसाठी. लाल थेंबांनी पाणी आंबट की क्षारयुक्त ते कळतं. नळीतला रंग पेटीवरच्या या रंगीत खिडक्यांशी जुळवायचा. आकडा साडेसातच्या आसपास ठेवा. काही अवघड नाही."

मी शाळेत मराठी शिकवत असे. रसायनाशी संबंध दहावीत संपला होता. पण सुट्टी लागलेली होती, घरात दुसरे कुणी नव्हते, आणि भिंतीकडे वळलेली ती पाठ मला स्वस्थ बसू देत नव्हती.

गावाला मात्र विषय मिळाला. पाणवठ्याकडे जाणाऱ्या बाया बांधावर थबकत.

"म्याडम, शिनिमावाले कवा यायचेत?"

"अगं, शिनिमावाले कशाला? म्याडमच पवणारेत."

"मग आमची म्हैस आनू का सोबतीला? तिला लई येतंय."

मी हसत असे. हसताना नळी डोळ्यांसमोर धरलेली असे.

विहिरीचे पाणी हौदात आले त्या सकाळी नळीत लाल थेंब टाकले, आणि पाणी जांभळाच्या रसासारखे गडद झाले. पेटीतल्या शेवटच्या खिडकीपेक्षाही गडद. ठिबकच्या नळ्या साफ करायला ठेवलेले ॲसिड गोठ्यामागे होते. नाकाला पदर बांधून मी ते मापाने, धार लांब धरून, पाण्यात सोडले. वास घशात काट्यासारखा अडकला. तासाभराने अलीकडच्या, सकाळच्याच कोपऱ्यातून नळी भरली. रंग तसाच. पुन्हा ॲसिड. पुन्हा तासभर. मग तिसऱ्यांदा. रंग तसाच.

वीज नव्हती. त्या वर्षांत दिवसाचे कितीतरी तास ती नसेच. पंप बंद, पाणी निश्चल, आणि मी ओतलेले ॲसिड पलीकडच्या टोकाला तळाशी जाऊन बसलेले, हे मला कळायला दुपार व्हावी लागली. वीज आली, पंप घरघरला, पाणी फिरले. आणि नळीतला रंग जांभळावरून एकदम पिवळ्यावर येऊन थांबला. पिकलेल्या लिंबाचा पिवळा.

गच्चीवर जाऊन दिराला फोन लावला. रेंज तिथेच, पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभे राहिले तरच येई.

"वहिनी, किती वेळा टाकलंत?"

"तीनदा."

"वाट बघायची असते हो."

वाट बघणे हीच एक गोष्ट मला जमत नव्हती. मी सकाळी सहाला तपासत असे, आठला तपासत असे, भाजी परतता परतता गॅस बारीक करून पुन्हा जाई. क्लोरीनची पावडर टाकली की पिवळ्या थेंबांनी नळी हळदीसारखी होई. वैशाखाचे ऊन डोक्यावर आले की दुपारपर्यंत तीच नळी कोरी. जणू सगळे ऊनच पिऊन टाकत होते. कपड्यांना, केसांना, चहाच्या कपालासुद्धा तो ओलसर, बोचरा वास येई. नवरा खाटेवरून विचारी, "झालं का?" मी म्हणे, "उद्या." आठव्या दिवशी त्याने विचारणे सोडले.

नवव्या दिवशी फरशीवर हात ठेवला, तर ती बुळबुळीत लागली. पाण्यात एक हिरवट झाक उतरली होती, इतकी पुसट की एका बाजूने पाहिले तर दिसे, दुसऱ्या बाजूने नाही. मी दोन्ही बाजूंनी पाहत राहिले.

शेजारच्या मळ्यातले चुलत सासरे दुपारी डोकावले. त्यांनी हौदाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"सूनबाई, शेवाळ धरलंय ह्ये."

"हो ना, मामा. पावडर टिकतच नाही."

"पावडरीनं काय व्हतंय! मोरचूद फिरव. आमी हिरीत टाकायचो. एका दिसात पानी आरशावानी."

माझ्या होकाराची वाट न पाहता ते गेले आणि बागेच्या खोलीतून मोरचूद घेऊन आले. निळेजांभळे खडे, काचेच्या दागिन्यांसारखे. धोतराच्या जुन्या फडक्यात चार किलो बांधून, दोरी लावून, म्हाताऱ्याने ते गाठोडे हौदाच्या काठाकाठाने ओढत नेले. त्यामागे निळी शेपटी उमटत गेली.

दुसऱ्या सकाळी हिरवेपणा गेला होता. पाणी तळापर्यंत स्वच्छ, फिकट निळे, कॅलेंडरवरच्या हॉटेलांच्या तलावासारखे. मी काठावर बसले आणि दहा दिवसांत पहिल्यांदा खांदे सैल सोडले. घरात जाऊन म्हटले, "आज संध्याकाळी उतरायचं." त्याने मान वळवली. वळवली, एवढेच, पण वळवली.

फक्त लाल थेंबांचा आकडा राहिला होता. तो अजून लिंबाच्या पिवळ्यावरच. आंबट पाण्याने कातडी, डोळे, नुकती भरलेली जखम, सगळेच चुरचुरेल, असे दीर म्हणाला होता. तो आकडा वर न्यायला सोडा लागतो, सोडा संपलेला. पण आंबट मारायला चुना चालतो, हे तर बागायतदाराच्या घरात कुणालाही ठाऊक. फवारणीच्या दिवसांत मी खिडकीतून वर्षानुवर्षे पाहत आले होते : एका पिंपात मोरचूद भिजतो, दुसऱ्यात चुना, आणि मग दोन्ही एकत्र. कधी लक्ष देऊन नाही. जेवण तयार आहे हे सांगायला जाताना जेवढे दिसते, तेवढेच.

मी कळीचा चुना बादलीत घातला. तो फसफसला, वाफाळला, बादली हाताला पोळू लागली. निवल्यावर फडक्यातून गाळून ते पांढरे दूध हौदात सोडले. या वेळी वीज होती, पंप सुरू होता, मी शहाणी झाले होते.

दूध जिथे पडले, तिथे एक निळा ढग उमलला. मग दुसरा. पाहता पाहता तळाच्या फरश्या दिसेनाशा झाल्या, पायऱ्या बुडाल्या, आणि संपूर्ण हौद आकाशी रंगाच्या दाट, अपारदर्शक दुधाने भरून गेला. मी नळी बुडवली, थेंब टाकले. असा काही मळकट रंग आला की तो एकाही खिडकीत बसेना. दुसरी नळी. तिसरी. चौथी भरायला वाकले. बाटली पडली आणि लाल थेंब फरशीवर पसरले.

मी काय ओरडले ते आठवत नाही. घरातून आधी वॉकरचा आवाज आला. टक्, मग घसट, मग टक्. तो दारात आला. ओसरीवर आला. अंगणात कुणाचा हात न धरता तो पहिल्यांदाच येत होता, आणि मला त्याला थांबवायचे भानही नव्हते.

काठाशी येऊन त्याने वॉकर टेकवला आणि हौदात पाहिले.

"मोरचूद टाकलाय यात?"

"मामांनी. काल."

"आन् तू चुना."

"हो."

त्याचे खांदे हलू लागले. मला वाटले, तो रडतो आहे. मग आवाज फुटला. तो हसत होता. वॉकर धरून, एका पायावर तोल सावरत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं, फवारणीचा बोर्डो केलास तू! हौदभर बोर्डो! माझ्या अख्ख्या बागेला दोन वर्सं पुरंल." आणि मग एकदम, बागेतल्या आवाजात, "इळा आन."

"विळा कशाला?"

"आन तर. घासून आन."

विळा राखेने घासून दिला, ओसरीवरची खुर्ची काठाशी ओढली. तो खुर्चीवर बसला, खाली वाकला, आणि विळ्याचे पाते त्या निळ्या दुधात बुडवून धरले. मी उभी. पंप घरघरत होता. मला पुन्हा नळी भरायची होती, पाणी सोडून द्यायचे होते, काहीतरी करायचे होते. आणि तो नुसता बसून होता. खूप वेळाने त्याने पाते बाहेर काढले, उन्हात उलटसुलट केले. लोखंड स्वच्छ होते.

"मोरचुदातल्या तांब्याचा थर चढला तर चुना कमी. पानं जळत्यात. ह्यो बघ, कोरा हाये." तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "चुना बरोबर पडलाय तुझा."

मी तिथेच काठावर बसले आणि रडले. दहा दिवस वाया गेले होते; डॉक्टरांच्या दोन महिन्यांतले दहा दिवस. त्याने मला रडू दिले. मग म्हणाला, "पन तू सरळ हौदातच कशी ग वततीस? आमी बोर्डोसुदीक आधी बादलीत करून बघतो. बादलीत साधलं, की मग पिपात."

वीस वर्षे जो माणूस फवारणीचे पाणी तपासत होता, त्याला मी खाटेवर ठेवून आजारी समजत होते, आणि शेजारच्या मळ्यातून सल्ला घेत होते. हे त्याने बोलून दाखवले नाही. मला मात्र ते त्या विळ्याच्या पात्याइतके लख्ख दिसले.

पाणी सोडून द्यायचे, तर मे महिना होता. गावाने तोंडात शेण घातले असते. त्याने पंप बंद करायला लावला. दोन दिवसांत निळा गाळ तळाशी बसला. वरचे निवळलेले पाणी पाटाने बागेला दिले, ठिबकमधून नाही, कारण नळ्या तुंबल्या असत्या. गाळ खरवडून खड्ड्यात पुरला. फरश्या मी नारळाच्या शेंडीने घासल्या. काही सांध्यांत निळाई तशीच राहिली. विहीर तेव्हा तासाभरातच उपसून जाई. हौद पुन्हा भरायला पाच दिवस लागले.

या वेळी तो खुर्ची टाकून काठावर बसला. हौदाचे पाणी बादलीत, बादलीत मोजून ॲसिडचे थेंब, ढवळणे, नळी. मग हौदाच्या हिशेबाने माप, त्यातलेही अर्धेच आधी. मग थांबणे. क्लोरीन ऊन कलल्यावर. मी उठू लागले की तो नुसते "बस" म्हणे. मी बसत असे आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत असे. चौथ्या संध्याकाळी नळीत जो रंग आला, तो पेटीतल्या मधल्या खिडकीचा होता. डाळिंबाच्या कच्च्या दाण्याचा.

तो पाइप धरून उतरला. पहिली पायरी. दुसरी. तिसरीवर थांबला, ओठ घट्ट मिटले.

"डोळे चुरचुरतात का? अंगाला काही लागतंय का?"

"गार लागतंय," तो म्हणाला. "पान्यात गारच लागतंय, म्याडम."

चौथ्या पायरीवरून पाणी छातीपर्यंत आले, आणि ज्या पायाला तो महिनोन्महिने परक्यासारखा उचलून ठेवत होता, तो पाय पुढे पडला. मग दुसरा. वीस फूट जायला त्याला किती वेळ लागला, मी मोजले नाही. पलीकडच्या भिंतीला त्याने तळहात लावला आणि तसाच, पाठ माझ्याकडे करून, उभा राहिला.

मांडी घालून तो पुन्हा कधी बसू शकला नाही. त्या दहा दिवसांमुळे की हाड तसेच जुळल्यामुळे, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. विचारावे असे मात्र अजूनही अधूनमधून वाटते.

ऑक्टोबरमध्ये छाटणीच्या पहिल्या दिवशी मी शाळेत उशिरा येण्याचा निरोप धाडला आणि बागेच्या तोंडाशी उभी राहिले. त्याने डाव्या हाताने तार धरली, उजव्या हातात कात्री. मजूर आपापल्या ओळीत थांबलेले. सगळे त्याच्या हाताकडे पाहत होते, मी पायांकडे. काडी लांब होती. ती गाठायला तो उजव्या पायावर, मोडलेल्या पायावर, पूर्ण भार देऊन वर ताणला गेला. कात्री वाजली. काडी खाली पडली.

मी घराकडे वळले. त्या दिवशी हौदात कुणी उतरणार नव्हते. तरीही नळी भरली, लाल थेंब टाकले, आणि रंग बरोबर असूनही ती बराच वेळ उन्हात धरून पाहत राहिले.