वाळत घातलेले दोर

आमच्या घाटमाथ्यावरच्या गावात महेशच्या घराच्या कठड्यावर दोर वाळत दिसले, की सगळ्यांना कळतं: दरीत कुणीतरी पडलं होतं आणि महेश उतरला होता. पोटासाठी तो टॅक्सी चालवतो. दरीतून माणसं काढायचे पैसे घेत नाही. त्याचा घरमालक आता घर पाडून पर्यटकांसाठी बंगला बांधणार आहे, म्हणून परवा मी त्याच्याबरोबर गावात भाड्यानं मिळणारी एकुलती एक खोली बघायला गेलो.

तिथल्या घरमालकीणकाकूंनी चहा दिला. भाडंही ठरलं. महेशनं सहज विचारलं, "काकू, अंगणात दोर वाळत घातले तर चालतील ना?"

"कसले रे दोर?"

त्यानं सांगितलं. काकूंनी हात जोडले. "देवमाणूस आहेस बाबा!" आणि त्याच दमात म्हणाल्या, "पण मढ्यांना लागलेले दोर आमच्या अंगणात नकोत. राग मानू नकोस."

जिवंत माणसं वर येतात तीही त्याच दोरानं. थरथरणारी, आईचं नाव घेणारी. दोराला कुठं कळतं, आपल्याला कोण बिलगलंय? माणसाला मात्र आधी तेच विचारायचं असतं.

फाटकापाशी पोचलो तोच काकू मागून लगबगीनं आल्या. मला वाटलं, मन बदललं.

"तुझा नंबर तेवढा देऊन जा. सुट्टीत नातवंडं येतात, कड्यावर हुंदडतात. जीव टांगणीला लागतो बघ."

महेशनं नंबर दिला. मग शांतपणे म्हणाला, "आता घाटाखाली राहायला जावं लागेल, काकू. तिथून वर यायला वेळ लागतो."